सोफा-कम-बेड घेताना आजीला दुकानात न्या

बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत आपल्या कितीतरी पिढ्या वाढल्या. रात्री गोधड्या अंथरायच्या, सकाळी गुंडाळून ठेवायच्या. आता पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरे मिळू लागली आहेत. नव्या घरात पहिली मोठी खरेदी बहुधा सोफा-कम-बेडची. तो निवडतात मात्र पाहुण्यांच्या नजरेने. रंग कोणता, टीव्हीसमोर शोभेल का! त्यावर रोज रात्री झोपणार असते गुडघे धरलेली आजी.

म्हणून तिलाच दुकानात न्या. बसल्यावर तिचे तळपाय जमिनीला टेकले पाहिजेत, हाताच्या आधाराने सहज उठता आले पाहिजे. बुटका सोफा दिसतो छान, पण गुडघ्यांची वाट लावतो. मग तो उघडून तिला दहा मिनिटे कुशीवर आडवे होऊ द्या. दुकानदाराची भीड नको. जोडाची फट किंवा खालचा दांडा कमरेला लागला, तर तो सोफा तिथेच सोडा. फोमची डेन्सिटी विचारा. रोजच्या झोपेसाठी ३२च्या खालचा लवकर बसतो, ४०चा बरा. उघडल्यावर संडासाची वाट अडते का, हे आधी घरी टेपने मोजा. अंधारात ठेचकाळून खुबा मोडला तर काय करणार?

परवडत नसेल, तर धडधाकट माणसांना जमिनीवर कापसाची गादी पुरते. त्यात कमीपणा कसला? पौर्णिमेला अष्टशील पाळणारे उंच, आरामदायी शय्या आपणहून सोडतात. आजीला मात्र जमिनीवरून उठवत नाही. तिच्यासाठी चार महिने थांबून पैसे साठवा, हप्त्यावर तकलादू सोफा आणू नका.