तंबाखूचा सर्व्हे आणि न विचारलेला प्रश्न

वस्तीत तंबाखूविषयी सर्व्हे करायला कोणी आले की एक प्रश्न हमखास असतो. तंबाखूने कर्करोग होतो हे तुम्हाला माहीत आहे का? उत्तरही ठरलेले. हो. सर्व्हे करणारा फॉर्मवर खूण करतो आणि पुढच्या घरी जातो. इकडे उत्तर देणारा पुन्हा तळहातावर तंबाखू-चुना मळायला लागतो. मग निष्कर्ष निघतो की लोक अडाणी आहेत, जनजागृती कमी पडते. आमचे स्पष्ट म्हणणे आहे की हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि त्याचा पुरावा सर्व्हेच्या आकड्यांतच आहे.

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाची भारतातली दुसरी फेरी 2016-17 साली झाली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने ती केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी केली. 15 वर्षांवरील 74,037 लोकांना प्रश्न विचारले गेले. धूम्रपानाने गंभीर आजार होतो असे 92.4 टक्के लोकांनी सांगितले. खाण्याच्या तंबाखूबाबत हेच प्रमाण 95.6 टक्के होते. तरीही 28.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. ओढणाऱ्यांपैकी 55.4 टक्के लोक सोडण्याचा विचार करत होते. म्हणजे लोकांना माहिती आहे आणि निम्म्याहून अधिक ओढणाऱ्यांना सोडायचेही आहे. मग अडते कुठे?

अडते कामाच्या ठिकाणी. गटार उपसणाऱ्याला, कचरा उचलणाऱ्याला विचारा. दुर्गंधीत उभे राहायचे तर तोंडात बार लागतो. ऊसतोड कामगाराला, वीटभट्टीवरच्या बाईला विचारा. भूक मारायला आणि झोप उडवायला तंबाखू सर्वांत स्वस्त पडते. पहाटे उठून मशेरी लावणाऱ्या आपल्या आयाबाया हौसेने ती लावत नाहीत. ज्या जातींच्या वाट्याला घाण आणि ढोरमेहनत आली, त्यांच्या वाट्याला तंबाखूही आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही अनुसूचित जाती-जमातींत तंबाखूचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसते. पण तुमच्या कामाचा आणि तुमच्या तंबाखूचा संबंध काय, हा प्रश्न बहुतेक फॉर्मवर नसतो. तो विचारला तर उत्तर व्यक्तीच्या सवयीपाशी थांबणार नाही. ते ठेकेदारापर्यंत, नगरपालिकेपर्यंत आणि जातिव्यवस्थेपर्यंत जाईल.

शिवाय विचारतो कोण, हेही बघितले पाहिजे. गळ्यात ओळखपत्र घातलेला परका माणूस दारात उभा राहिला की आपली माणसे त्याला आवडेल तेच बोलतात. हे खोटे बोलणे नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या अपमान टाळायला शिकलेली ती सावधगिरी आहे.

आमचे काही साथी म्हणतात, गरिबाची एवढी एक चैन आहे, तिच्या मागे कशाला लागता? विडी कामगारांचे काय होईल? हा प्रश्न प्रामाणिक आहे. पण सरकारने विडी कामगाराचे नाव कसे वापरले ते पाहा. 2017 साली जीएसटी आला तेव्हा सिगारेटवर भरपाई उपकर लागला, विडीवर लागला नाही. कारण पुढे केले कामगारांचे. त्याच वर्षी 1976 च्या कायद्याने विडीवर असलेला कल्याण उपकर मात्र रद्द झाला. घरकुल, दवाखाना, मुलांची शिष्यवृत्ती यासाठीचा पैसा त्याच उपकरातून येत होता. सवलत मालाला मिळाली आणि हक्काचा निधी कामगाराचा गेला. घरात बसून नगावर विड्या वळणारी बाई होती तिथेच राहिली. म्हणून तंबाखू नियंत्रण आणि विडी कामगारांचे पर्यायी रोजगार या दोन्ही मागण्या एकत्रच केल्या पाहिजेत.

आता आपल्याकडेही बोट दाखवू. 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तंबाखूचे नाव त्यात नाही, म्हणून आपण तिला जणू सूट देऊन टाकली. विहारातल्या बैठकीत व्यसनमुक्तीवर भाषण होते आणि बाहेर पायरीवर पुडी फिरते. भाषण करणाराही हात पुढे करतो. पंचशीलातल्या पाचव्या शीलाचा गाभा प्रमाद टाळणे हा असेल, तर ही सूट कोणी दिली?

म्हणून आमचा प्रस्ताव साधा आहे. आपल्या वस्तीचा सर्व्हे आपणच करू. बायकांना बायकांनी विचारावे. पहिली पुडी कितव्या वर्षी आणि कोणत्या कामावर हातात आली? दिवसाला किती रुपये जातात? सोडायचा प्रयत्न केला तेव्हा कोणी मदत केली? दवाखान्यात कधी कोणी विचारपूस केली का? उत्तरे विहारात सर्वांसमोर वाचावीत, नावे न घेता. तोवर ज्याला सोडायचे आहे त्याला पाकिटावर छापलेला 1800-11-2356 हा मोफत सरकारी क्रमांक लावून द्यावा. आणि गोळा झालेली उत्तरे घेऊन नगरपालिकेत जावे. हातमोजे, मास्क, यंत्रे आणि वस्तीजवळच्या दवाखान्यात तंबाखू सोडवणारा समुपदेशक मागावा.

आपल्याबद्दलचे आकडे आजवर दुसऱ्यांनी लिहिले. आता प्रश्नही आपण लिहू आणि उत्तरही आपण मागू.

जय भीम.