आधी टायर, मग स्टिकर

हॉस्टेलच्या बोर्डावरची नोटीस एव्हाना सगळ्यांनी वाचली असेलच. 'मॉडिफाय केलेल्या दुचाकी वसतिगृहाच्या आवारात उभ्या करण्यास मनाई आहे.' दोन दिवस मेसमध्ये दुसरा विषय नव्हता! अर्धी पोरं म्हणत होती, गाडी आमची, पैसे आमचे, कॉलेजला काय करायचंय? उरलेली अर्धी, म्हणजे ज्यांच्याकडे गाडीच नाही ती, म्हणत होती की बरं झालं, रात्री दोनला झोप तरी लागेल.

माझं मत विचाराल तर ही बंदी चुकीची आहे. पण तिच्या विरोधात बोलायला तोंड उघडावं तर आपल्या पार्किंगमध्येच अडचण उभी आहे. तिथल्या बहुतेक गाड्यांवर जे काम झालंय त्यात इंजिनिअरिंग शोधून सापडत नाही. चार वर्षं आपण शिकतो काय आणि गाडीला लावतो काय, राव!

सगळ्यात लोकप्रिय काम घ्या : मागे जाड टायर. दीडशेच्या पल्सरला मागे १००/९०-१७ असतो. तो काढून १४०/७०-१७ बसवला की गाडी मागून एकदम भारी दिसते. दिसते, मान्य. आता टायरवरचे आकडे वाचू. १०० ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ९० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या ९० टक्के, १७ हा रिमचा व्यास इंचात. १७ इंच म्हणजे ४३१.८ मिमी, त्यात वरचे नव्वद आणि खालचे नव्वद मिळवले की बाहेरचा व्यास ६११.८. तेच गणित १४०/७० चं केलं की ६२७.८. म्हणजे चाक अडीच टक्क्यांहून जास्त वाढलं, तेवढं गिअरिंग उंच झालं, तेवढा पिकअप गेला. शिवाय वजन वाढलं ते सस्पेन्शनच्या खालचं, जे खड्ड्यात सगळ्यात जास्त त्रास देतं.

इथपर्यंत चालून जाईल हो. खरी गोची रिमची आहे. १४० चा टायर साधारण साडेतीन ते साडेचार इंच रुंद रिमसाठी बनवलेला असतो. आपली कंपनीची रिम त्याहून बरीच अरुंद. तिच्यात तो कोंबला की दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि माथा फुगून टोकदार होतो. मग सरळ रस्त्यावर मधला पट्टाच घासत राहतो आणि ज्या 'ग्रिप'साठी पैसे मोजले ती मिळत नाही. वर टायर रुंद झाला की त्याच वळणाला, त्याच वेगाला गाडी जास्त झुकवावी लागते. ताम्हिणीत जुलैमध्ये हे करून बघायची हौस कुणाला असेल तर असो.

आणि ज्या पोराने मागे नवा जाड टायर टाकलाय त्याचा पुढचा टायर वाकून बघा. गुळगुळीत! खाचांमध्ये मध्ये मध्ये एक छोटा उंचवटा असतो, बाजूला टी.डब्ल्यू.आय. असं लिहिलेलं असतं. रबर झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आलं की टायर संपला. पावसात पाणी बाहेर काढायचं काम त्या खाचांचंच. ब्रेक मारला की भार पुढच्या चाकावर जातो, हे मेकॅनिक्सच्या पेपरात फ्री बॉडी डायग्राम काढून आपण पाच मार्कांना लिहितो. लिहितो आणि पैसे मागच्या चाकावर खर्च करतो. जुना 'कंडिशनमधला' टायर स्वस्तात घेणाऱ्यांनी बाजूवरचा चार आकडी कोडही वाचावा. २३१६ लिहिलं असेल तर तो २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. नक्षी शाबूत असली तरी आतलं रबर कडक झालेलं असतं.

पंपावर हवा फुकट मिळते. कंपनीने आकडे दिलेले असतात (पल्सर १५० ला पुढे २५, मागे एकट्याला २८, डबलसीट ३२ पीएसआय). तरी पंधरा दिवसांतून एकदा हवा बघणारे आपल्या विंगमध्ये किती, हाताची बोटं पुरतील.

सायलेन्सरबद्दल फार लिहीत नाही, कारण ते सगळ्यांना ऐकू येतंच. नियमाने ८० ते १७५ सीसीच्या गाडीला ७७ डेसिबल आणि त्यावरच्या गाडीला ८० डेसिबल ही मर्यादा आहे. डेसिबल लॉगमध्ये मोजतात, त्यामुळे दहाने वाढले की ध्वनीची तीव्रता दहा पट होते. २०२० पासूनच्या बीएस-६ गाडीत धुराच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतात. ते काढून पोकळ नळी लावणाऱ्याने 'पॉवर वाढली' म्हणणं म्हणजे ताप मोजायचा थर्मामीटर फेकून 'बरं वाटतंय' म्हणणं. वाढतो तो आवाज.

फॉग लाईटचंही तेच. चाळीस वॅटचे दोन म्हणजे ऐंशी वॅट, बारा व्होल्टला पावणेसात अँपिअरच्या आसपास. ३५ वॅटच्या हेडलाईटच्या दुपटीहून जास्त. ते रिले आणि फ्यूज न टाकता हेडलाईटच्याच वायरीला चिकटपट्टी गुंडाळून जोडायचे आणि मग सकाळी सेल्फ लागत नाही म्हणून बॅटरीला शिव्या घालायच्या. इलेक्ट्रिकलवाल्यांनो, तुम्ही तरी! हँडलवर मोबाईल अडकवणाऱ्यांसाठी एवढंच की मोटरसायकलच्या कंपनाने कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन बिघडू शकतं, असं खुद्द ॲपलने २०२१ मध्ये जाहीर केलंय. व्हायब्रेशन डॅम्पर लावा, नाहीतर फोन खिशात ठेवून रस्ता विचारा.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो साडी गार्ड काढण्याचा. मागून गाडी 'क्लीन' दिसावी म्हणून साडी गार्ड गेलं, मागचं हँडल गेलं, मडगार्डही गेलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्यासाठी धरायला आधार, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि निम्मं चाक झाकणारं संरक्षण सांगितलंय, ते उगाच नाही. हीच गाडी दिवाळीच्या सुट्टीत गावी जाते आणि तिच्यावर मागे आई बसते. पदर किंवा ओढणी चाकात जायला किती वेळ लागतो? आणि तिने धरायचं कशाला?

याचा अर्थ गाडी शोरूममधून आली तशीच चालवा असा नाही. मुंबईची 'वर्देंची' बघा (नावातच मराठी षष्ठी!), अख्खी गाडी नव्याने घडवणं ही कला आहे आणि धंदाही. आपल्यातही आहेत की. १९९६ च्या आधीची आरएक्स १०० भंगारातून उचलून पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्याला त्या एका गाडीने जेवढं मशीन ड्रॉइंग शिकवलं तेवढं कुठल्या शीटने शिकवलं नसेल. उंचीप्रमाणे हँडल जुळवणं, चांगले आरसे, त्याच मापाचा पण उत्तम रबरचा टायर, आयएसआय मार्कचं हेल्मेट, एक मागच्यासाठीही. यात स्टाईल नाही असं कोण म्हणतो?

कायदा बघितला तर कॉलेजचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आर.सी.वरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली आहे. पण सरसकट बंदी आली की गाड्या गेटबाहेर चहाच्या टपरीमागे लागतील आणि बदल आणखी लपूनछपून होतील. शिकायचं ठिकाण कॉलेज असताना हे का व्हावं?

म्हणून वर्कशॉपच्या सरांना माझी विनंती आहे. महिन्यातला एक शनिवार द्या. लॅबमधला साउंड मीटर, एक प्रेशर गेज, एक मल्टिमीटर. ज्याची गाडी आवाजात, टायरच्या मापात आणि वायरिंगमध्ये बसली नाही ती बाहेर, बसली ती आत. आणि काय चुकलं ते तिथेच सांगा. बंदीसाठी वॉचमन पुरतो, हे काम वर्कशॉपचंच आहे.

तसा अर्ज लिहून मेसच्या काउंटरवर ठेवलाय. सही करायला येताना आपापल्या गाडीचा पुढचा टायर बघून या.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल