शिकागोची भरभराट आणि न टाकलेलीं पत्रें

सुधारणा वाढली कीं पापही वाढतें, हें वाक्य आमच्याकडील वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडीं इतकें बसलेलें आहे कीं, तें तपासून पाहण्याच्या भानगडींत सहसा कोणी पडत नाहीं. मुलगी नोकरीसाठीं परगांवीं जावयाची गोष्ट घरांत निघाली म्हणजे तर तें हमखास ऐकूं येतें. म्हणून या खेपेस आम्ही अशा एका शहराची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों कीं, जेथें हीं दोन्ही अगदीं शेजारीं शेजारीं नांदत होतीं.

अमेरिकेंतील शिकागो शहरास १८३७ सालीं नगराची सनद मिळाली, तेव्हां तेथील वस्ती चार हजारांच्या आसपास होती. १८७१ च्या ऑक्टोबरांत भयंकर आग लागून सुमारें एक लक्ष लोक बेघर झाले. तरी १८९० च्या खानेसुमारींत लोकसंख्या १०,९९,८५० भरली. पुढें १८९३ च्या मे महिन्यांत तेथें कोलंबसाच्या नांवानें जागतिक प्रदर्शन उघडलें. बर्नहॅम या शिल्पज्ञाच्या देखरेखीखालीं उभारलेल्या शुभ्र इमारती रात्रीं विजेच्या दिव्यांनीं झळकत. २६४ फूट उंचीचा फेरिसचा पाळणा एका वेळीं २,१६० माणसें घेऊन फिरे. सहा महिन्यांत पावणेतीन कोटींच्या वर प्रवेश झाले. विवेकानंदांनीं जी सर्वधर्मपरिषद गाजविली ती याच प्रदर्शनाच्या निमित्तानें भरली होती, आणि मुंबईचे वीरचंद गांधी व नगरकर हेही तींत बोलले होते.

त्याच शहराच्या एंगलवुड नामक भागांत होम्स हें नांव धारण करणारा एक गृहस्थ औषधाचें दुकान चालवी. वैद्यकाची पदवी, टापटिपीचा पोषाख, मधुर वाणी. दुकानासमोर त्यानें इमारत बांधली ती उधारीवर. सामानसुमान भरलें तेंही उधारीवर. वर्तमानपत्रांनीं पुढें या इमारतीस किल्ला बनविलें व तींत शेंकडों बळींच्या कथा रचल्या. त्यानें स्वतः सत्तावीस खुनांची कबुली दिली, पण त्यांतले कांहीं मृत चक्क जिवंत निघाले! चिकित्सक अभ्यासक खरे बळी नऊच्या आसपास धरतात. नऊ ही संख्या कमी आहे काय? पण ज्यांस रक्ताचीं वर्णनेंच वाचावयाचीं असतात त्यांचें तेवढ्यानें समाधान होत नाहीं.

आम्हांस त्या तळघरापेक्षां त्याच्या कचेरींतील टेबल अधिक विचार करण्यासारखें वाटतें. लघुलेखन शिकून स्वतःच्या कमाईवर राहणाऱ्या तरुणींचा तो पहिला काळ. एमेलीन सिग्रांड ही अशीच त्याच्याकडे कामास लागली आणि १८९२ च्या अखेरीस दिसेनाशी झाली. चौकशी करणारांस त्यानें सांगितलें, तिचें लग्न झालें, ती गेली. लग्न झालें म्हटल्यावर पुढें विचारावयाचें तें काय?

तो सांपडला तो विम्यामुळें. पीटझेल नांवाच्या आपल्या साथीदाराचा दहा हजार डॉलरांचा विमा उतरवून, खोटें प्रेत दाखवून पैसे उकळावयाचे, असा मूळ बेत होता. होम्सनें खोट्याऐवजीं खरेंच प्रेत केलें. तुरुंगांतील एका सोबत्यास कबूल केलेली रक्कम त्यानें बुडविली, त्या सोबत्यानें विमा कंपनीस खबर दिली, आणि १८९४ च्या नोव्हेंबरांत बोस्टन येथें त्यास अटक झाली. विम्यानें खुनाचा लोभ उत्पन्न केला हें खरें. पण परक्या माणसाच्या मरणाची खोलवर चौकशी करण्यांत ज्यास स्वार्थ आहे असा एक धनीही त्याच विम्यानें निर्माण केला. सुधारणेस दोष देणारांनीं हिशेबाची ही बाजूही वाचावी.

पीटझेलचीं तीन मुलें मात्र तोंवर नाहींशीं झालीं होतीं. फिलाडेल्फियाचा गुप्त पोलीस गेयर हा १८९५ च्या उन्हाळ्यांत त्यांच्या शोधास निघाला. त्याच्याजवळ मोठें साधन होतें तें मुलींनीं आईस लिहिलेल्या पत्रांचें. अलिस व नेली यांनीं तीं होम्सपाशीं टाकावयास दिलीं होतीं. त्यानें तीं टाकलीं नाहींत, स्वतःच्या पेटींत ठेविलीं. त्या पत्रांतील खुणा धरून, आगगाडीनें गांवोगांव जाऊन, गेयरनें हॉटेलांचीं नोंदबुकें चाळलीं, घरांच्या दलालांस गांठलें. टोरोंटो येथील एका भाड्याच्या घराच्या तळघरांत दोघी मुली सांपडल्या. धाकट्या हॉवर्डचे अवशेष इंडियानापोलिसजवळ निघाले. १८९६ च्या ७ मे रोजीं होम्स फांशीं गेला.

या तपासांतील एक गोष्ट आमच्या मनांतून जात नाहीं. मुलें एका विधवा बाईच्या घरीं सुखांत आहेत असें सांगून होम्स त्यांच्या आईसही गांवोगांव फिरवीत होता. डेट्रॉइट येथें ती आणि तिच्या मुली एकाच वेळीं मुक्कामास होत्या. दोन्ही बिऱ्हाडांत अंतर थोड्याशा गल्ल्यांचें. आईचा विश्वास निरोपावर होता.

आज निरोप क्षणांत येतात, हें भाग्यच. पण मुंबईस, पुण्यास किंवा परदेशीं राहणाऱ्या आपल्या मुलीच्या घरमालकिणीचें नांव, तिच्या कचेरीचा पत्ता, खोलींतल्या सोबतिणीचा ठावठिकाणा घरांतील कितीजणांस ठाऊक आहे, हें आज रात्रीं पानावर बसतांना विचारून पाहावें.