शास्त्र आणि रूढी : कुकीच्या चार पोथ्या (थ्रेड)

१/ ‘कर्ल’ हे आज्ञावलीतून चालणारे साधन कुकी ज्या फाइलीत साठवते, तिच्या पहिल्या ओळीत आजही ‘नेटस्केप’ हे नाव आढळते. नेटस्केप ब्राउझरचा कारभार २००८ मध्येच संपला. राज्य बुडाले, पण त्याचे नाणे अजून चलनात आहे. हे कसे घडले, आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे आज पाहू.

२/ वेबची मूळ भाषा विस्मरणशील आहे. प्रत्येक विनंती सर्व्हरला अनोळखी भासते. १९९४ मध्ये नेटस्केपची ग्राहक असलेल्या एमसीआय या दूरसंचार कंपनीला ऑनलाइन दुकान हवे होते. मात्र अर्धवट राहिलेल्या खरेदीची नोंद स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायची नव्हती. तेव्हा लू मॉन्टुली यांनी उपाय काढला : ती चिठ्ठी ग्राहकाच्याच संगणकावर ठेवावी. हीच कुकी.

३/ त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेल्या ब्राउझरात ही सोय होती. नेटस्केपने तिचे त्रोटक टिपण प्रसिद्ध केले. ही पहिली पोथी. तिच्यात संदिग्धता पुष्कळ होती. एकच उदाहरण पाहा. एचटीटीपीत एकाच नावाची अनेक शीर्षके स्वल्पविरामाने जोडता येतात. पण कुकीच्या मुदतीच्या तारखेत वारानंतर स्वल्पविराम येतो! दोन कुकी जोडल्या की त्या कोठे तोडायच्या, हे ग्राहक-सॉफ्टवेअरला कळेना.

४/ १९९५ पासून मानक ठरवण्याची चर्चा सुरू झाली. बेल लॅब्जचे डेव्हिड क्रिस्टल यांचा स्वतःचा निराळा प्रस्ताव होता. तरीही गटाने नेटस्केपचे टिपणच पायाभूत मानले. फेब्रुवारी १९९७ मध्ये क्रिस्टल आणि मॉन्टुली यांच्या नावाने ‘आरएफसी २१०९’ प्रसिद्ध झाले. ही दुसरी पोथी.

५/ या पोथीतील एक कलम ऐतिहासिक मोलाचे आहे. आपण एका संस्थळावर असताना तिऱ्हाईत संस्थळाने परस्पर कुकी ठेवू नये. ब्राउझरने तशी मुभा देणारा पर्याय दिलाच, तर तो मुळात बंद असावा. जाहिरातदारांच्या पाळतीचा धोका १९९७ मध्येच ओळखला गेला होता. ‘कोणाला कल्पनाच नव्हती’ असे जे सांगितले जाते, ते कागदपत्रांच्या कसोटीवर टिकत नाही.

६/ प्रमुख ब्राउझरांनी हे कलम पाळले नाही. शिवाय जुन्या आणि नव्या नियमांचे शीर्षक एकच असल्याने गोंधळ वाढला. म्हणून ऑक्टोबर २००० मध्ये तिसरी पोथी आली, ‘आरएफसी २९६५’. तिने ‘सेट-कुकी२’ हे वेगळे शीर्षक काढले. रचना नेटकी होती, पण बहुतेक मोठ्या ब्राउझरांनी ती स्वीकारलीच नाही. ओस गावासाठी केलेला कायदा जणू!

७/ मधल्या मधे भरडले गेले ते ग्राहक-सॉफ्टवेअर लिहिणारे. २००४ मध्ये पायथन भाषेत कुकी सांभाळणारे ग्रंथालय आले. त्याला नेटस्केपची आणि २९६५ ची अशा दोन्ही पद्धती जाणाव्या लागल्या. मात्र २९६५ ची पद्धत त्यात मुळात बंद ठेवलेली असते. म्हणजे शास्त्र कपाटात आणि रूढी देवघरात.

८/ एप्रिल २०११ मध्ये ॲडम बार्थ यांनी चौथी पोथी सिद्ध केली, ‘आरएफसी ६२६५’. तिची दृष्टी इतिहासकाराची आहे. काय असावे यापेक्षा काय चालते, याची नोंद तिने आधी घेतली. सर्व्हरसाठी कडक व्याकरण, तर ग्राहक-सॉफ्टवेअरसाठी क्षमाशील वाचनपद्धती. तारखेत वर्ष दोनच अंकी आले, तर ७० ते ९९ हे विसाव्या शतकातले आणि ० ते ६९ हे २००० पासून पुढचे समजावे, इतका बारीक तपशील तिने लिहून ठेवला.

९/ ग्राहक-सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांवर हे मोठे उपकार होते. पण माझा आक्षेप येथेच आहे. तिऱ्हाइताच्या कुकीविषयी या पोथीने चिंता व्यक्त केली आणि निर्णय ब्राउझरवर सोपवला. १९९७ चा निषेध २०११ मध्ये चिंतेवर आला. रूढीची नोंद घेता घेता रूढीला मान्यता मिळते, ती अशी.

१०/ यावर प्रतिवाद आहे, आणि तो हलका नाही. कडक ब्राउझरात संस्थळ उघडले नाही, तर माणूस दोष ब्राउझरला देतो आणि दुसरा ब्राउझर घेतो. जो पाळणार नाही त्याच्यासाठी नियम लिहून काय साधते? हे खरे. तथापि, दोन प्रश्नांची येथे गल्लत होते. तारीख कशी वाचावी, हा सोयीचा प्रश्न. तेथे रूढी मानावी. माणसावर पाळत ठेवावी का, हा हक्काचा प्रश्न; तेथे बहुसंख्यांची सवय हे उत्तर होऊ शकत नाही.

११/ पुढचा इतिहास पाहा. सफारीने तिऱ्हाइताच्या कुकी पूर्णतः रोखल्या त्या मार्च २०२० मध्ये, म्हणजे तब्बल २३ वर्षांनी. गूगलने २०२० च्या आरंभी त्या क्रोममधून हटवण्याचे जाहीर केले आणि २०२४ मध्ये तो बेत बदलला. तोवर जाहिरातीचा सारा व्यवसाय त्या पायावर उभा राहिला होता. जे १९९७ मध्ये एका सेटिंगने साधले असते, त्यासाठी आता इमारतच हलवावी लागते.

१२/ पोथ्यांचा कलह संपलेला नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोमने ‘सेमसाइट’ या गुणधर्माचे नियम बदलले. नव्या नियमानुसार ‘नन’ म्हणजे पूर्ण मोकळीक. पण आयओएस १२ वरील सफारी त्याच शब्दाचा अर्थ ‘कडक बंदी’ असा घेई. शब्द एक, अर्थ परस्परविरुद्ध! ब्राउझर ओळखून निरनिराळी कुकी पाठवण्याची पाळी सर्व्हर लिहिणाऱ्यांवर आली.

१३/ माझे मत असे : वेबवरचा खरा कायदा मानकात नसतो, तो ब्राउझरच्या मूळ सेटिंगमध्ये असतो. बहुसंख्य माणसे ते कधीच बदलत नाहीत. म्हणून तंत्रज्ञानाचा इतिहास वाचताना मानकाचा कागद जरूर वाचावा. परंतु त्याच वर्षी प्रत्यक्ष ब्राउझरात कोणती खूण आधीच केलेली होती, हेही शोधावे. आज्ञा कोणाची आणि अंमल कोणाचा, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला नवा नाही.

१४/ आज आपल्या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन तिऱ्हाइताच्या कुकींपुढे काय लिहिले आहे, ते पाहा. जे आढळेल ते खाली अवश्य कळवा. तोही एक समकालीन पुरावाच आहे.