सिकलसेलवर जनुकीय उपचार आला. रांगेत आपण कुठे?

विदर्भातल्या वस्त्यांत काम करताना हल्ली आम्हाला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "ताई, सिकलसेल कायमचा बरा करणारं इंजेक्शन आलं म्हणतात. आमच्या पोराला कधी मिळेल?" विचारणारी बहुधा आई असते. मूल 'एसएस' पॅटर्नचे, दर दोन-तीन महिन्यांनी हातपाय दुखून दवाखान्यात भरती होणारे. या आईला खरे उत्तर द्यायचे तर उपचारामागचे विज्ञान, बाजार आणि सरकार हे तिन्ही आपण समजून घेतले पाहिजेत.

उपचार खरा आहे, पण ते साधे इंजेक्शन नाही. रुग्णाच्या रक्तातून मूळपेशी काढून कंपनीच्या प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे क्रिस्पर तंत्राने एका जनुकात बदल केला जातो. त्यामुळे बाळ पोटात असताना असते तसे हिमोग्लोबिन शरीर पुन्हा बनवू लागते आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकणे कमी होते. या पेशी परत देण्याआधी तीव्र केमोथेरपीने जुनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. त्यासाठी कित्येक आठवडे रुग्णालयात राहावे लागते आणि पुढे मूल न होण्याचा धोकाही असतो.

व्हर्टेक्स आणि क्रिस्पर थेराप्युटिक्स या कंपन्यांच्या 'कॅसगेवी'ला नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्यता दिली. अमेरिकेत तिची जाहीर किंमत एका रुग्णामागे 22 लाख डॉलर आहे, म्हणजे तेव्हाच्या दराने 18 कोटी रुपयांहून जास्त. त्याच दिवशी अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ब्लूबर्ड बायोच्या 'लिफजेनिया'ची किंमत 31 लाख डॉलर.

प्रत्येक रुग्णाचे औषध त्याच्याच पेशींपासून वेगळे बनवावे लागते, त्यामुळे खर्च मोठा आहेच. पण कंपन्या आणखी एक हिशेब मांडतात: जन्मभराच्या उपचारांचा खर्च वाचतो, म्हणून एवढी किंमत रास्त. हा हिशेब श्रीमंत देशांनाही सहज पटलेला नाही. थॅलेसेमियावरच्या उपचाराची किंमत जर्मनीत मान्य झाली नाही, तेव्हा ब्लूबर्डने 2021 मध्ये युरोपातून काढता पाय घेतला. पुढे 2025 मध्ये ती कंपनीच एकेकाळच्या मूल्याच्या अगदी थोड्या भागात विकली गेली. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेने वाटाघाटी केल्या आणि जानेवारी 2025 मध्ये कॅसगेवी सिकलसेलसाठी मंजूर झाली, तीही वर्षाला सुमारे 50 रुग्णांसाठी. म्हणजे औषध रुग्णापर्यंत पोहोचवायला सरकारलाच मध्ये यावे लागते.

आता आपल्या देशाकडे वळू. 19 नोव्हेंबर 2025 रोजी केंद्र सरकारने 'बिरसा 101' या देशी क्रिस्पर उपचाराची घोषणा केली. तो दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या सरकारी संस्थेने विकसित केला असून तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले आहे. भगवान बिरसा मुंडांचे नाव दिले, ते योग्यच झाले. पण घोषणा म्हणजे उपलब्धता नव्हे. आणि संशोधन जनतेच्या पैशातून झाले असेल, तर किंमत किती, ती कोण ठरवणार, सरकारी रुग्णालयांना कोणत्या दराने मिळणार, या अटी जनतेला कळल्याच पाहिजेत.

हा आग्रह आताच का? कॅन्सरचे उदाहरण पाहा. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेली 'नेक्सकार 19' ही कार-टी थेरपी अमेरिकेतल्या अशा उपचारांपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. देशाला तिचा अभिमान वाटावा असेच ते काम आहे. तरीही खर्च 30 ते 40 लाखांच्या घरात जातो आणि आयुष्मान भारतचे कवच कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांचे. हे अंतर मोलमजुरी करणारे घर कशाने भरून काढणार?

दुसरा प्रश्न मोजणीचा. जुलै 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेचे लक्ष्य 7 कोटी लोकांच्या तपासणीचे आहे आणि तिचा भर आदिवासी भागांवर आहे. आदिवासींना प्राधान्य मिळाले पाहिजे, याबद्दल आमच्या मनात किंतु नाही. पण विदर्भात हा आजार अनुसूचित जातींमध्ये, विशेषतः आपल्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणात आहे. शहरातल्या झोपडपट्टीत राहणारे बौद्ध कुटुंब आदिवासी भागाच्या नकाशात बसत नाही. ज्याची नोंदच नाही, त्याच्यासाठी उद्या निधीही राखला जाणार नाही. म्हणून आदिवासी संघटनांच्या खांद्याला खांदा लावून ही मागणी करावी लागेल.

तरुण कार्यकर्त्यांनी चार गोष्टी हाती घ्याव्यात. विहारात आणि जयंतीच्या कार्यक्रमांत तपासणी शिबिरे घ्या. सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली की पुढची एचपीएलसी तपासणी होईपर्यंत पाठपुरावा करा. लग्नाआधी दोघांचाही पॅटर्न कळू द्या. दोघे 'एएस' असतील तर प्रत्येक गर्भारपणात 'एसएस' बाळाची शक्यता चारात एक असते. मात्र या अहवालावरून कुणा मुलीची बदनामी होता कामा नये. आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, तेव्हा रुग्णांना प्रमाणपत्र मिळवून द्या. या कायद्याने शिक्षणात राखीव जागा मिळू शकतात. सरकारी नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणात मात्र रक्ताचे आजार घेतलेले नाहीत. ती लढाई बाकी आहे.

त्या आईला आम्ही सांगतो, नवा उपचार यायला वेळ लागेल, आला तरी तो प्रत्येकाला चालेलच असे नाही. पण हायड्रॉक्सीयुरिया आज उपलब्ध आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेतले तर बऱ्याच मुलांचे दुखण्याचे झटके कमी होतात. ही स्वस्त गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात बाराही महिने मिळते का, हे या आठवड्यात जाऊन विचारा. नसेल तर लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. साध्या गोळीसाठी जो समाज पाठपुरावा करतो, त्याचाच आवाज उद्या कोटीच्या उपचाराची किंमत ठरताना ऐकला जाईल.