युद्धाची कल्पना करायची, तर ती पूर्ण करा

8 मे 2025ची रात्र आठवते? मी इतवारीतून घरी निघालो होतो. वाटेतल्या पानठेल्यावर दहा-बारा जण एका मोबाइलभोवती जमले होते. वाहिनी सांगत होती, कराची बंदर उद्ध्वस्त झालं. कुणीतरी दुसरी वाहिनी लावली, तर तिथे आपलं सैन्य थेट इस्लामाबादेत शिरलेलं. लोक एकमेकांना टाळ्या देत होते. ठेलेवाला मला पंधरा वर्षांपासून ओळखतो. पान बांधता बांधता तो हसत म्हणाला, "तुमच्या मोहल्ल्यात आज एकदम शांतता असन ना, भाऊ?"

मी पैसे दिले आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी कराची बंदर जागेवरच होतं आणि इस्लामाबादेत कुणी शिरलेलं नव्हतं. बातमी खोटी ठरली, विसरलीही गेली. ठेलेवाल्याचा प्रश्न मात्र खोटा नव्हता. तो माझ्यासोबत घरी आला आणि अजून आहे. जे युद्ध झालंच नाही, त्यात मला शत्रूच्या बाजूला उभं करण्यात आलं होतं. तेही अशा शहरात, जिथे 17 मार्चच्या दंगलीनंतरचा कर्फ्यू उठून जेमतेम दीड महिना झाला होता.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. 22 एप्रिलला पहलगाममध्ये 26 माणसं मारली गेली. ज्यांनी मारलं त्यांना शिक्षा व्हावी, याबद्दल माझ्या मनात किंतु-परंतु नाही. सरकारने कोणती कारवाई करावी, हाही या लेखाचा विषय नाही. मी बोलतोय ते स्टुडिओत, व्हॉट्सॲपवर आणि पानठेल्यावर लढल्या जाणाऱ्या काल्पनिक युद्धांबद्दल. 'आपण चार दिवसांत लाहोर घेऊ', 'चीन मध्ये पडला तर काय', 'एकदाचा निकाल लावून टाका', ही ती युद्धं.

युद्धाची कल्पनाच करू नये, असंही मी म्हणणार नाही. जगातलं प्रत्येक सैन्य ती करतं. दोनशे वर्षांपूर्वी प्रशियाच्या सैन्यात नकाशा, सोंगट्या आणि फासे घेऊन अधिकारी युद्धाचा सराव करत. मध्ये पंच बसे आणि मेलेली तुकडी पटावरून उचलली जाई. चूक व्हायची असेल तर ती कागदावर व्हावी, एवढाच त्यामागचा हेतू. म्हणजे कल्पना असली तरी तिला हिशेब होता.

हा हिशेब नको झाला की काय होतं, ते अमेरिकेने 2002 साली दाखवलं. 'मिलेनियम चॅलेंज' नावाच्या प्रचंड खर्चिक सरावात शत्रूची भूमिका निवृत्त जनरल पॉल व्हॅन रायपर यांच्याकडे होती. त्यांनी मोटारसायकलवरून निरोप पाठवले, लहान बोटी वापरल्या आणि अमेरिकेची 16 जहाजं कागदावर बुडवली. मग काय झालं? बुडालेली जहाजं पुन्हा वर काढली, नियम बदलले आणि सराव पुढे सुरू. पुढच्या वर्षी हेच सैन्य इराकमध्ये उतरलं. ते युद्ध किती वर्षं चाललं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. आपल्या वाहिन्यांवरचं युद्ध याच जातीचं आहे. त्यात आपलं एकही जहाज बुडत नाही, कारण पंचच नाही.

भारत-पाकिस्तान युद्धाची एक प्रामाणिक कल्पनाही झालेली आहे. 2019 साली 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात ब्रायन टून, ॲलन रोबॉक आदी शास्त्रज्ञांचा अभ्यास आला. त्यांनी हे अणुयुद्ध कल्पिलं होतं ते नेमकं 2025 या वर्षी. त्यांच्या हिशेबात 5 ते 12.5 कोटी माणसं थेट मरतात. जळणाऱ्या शहरांची काजळी आकाशात चढते, पृथ्वीवर येणारा सूर्यप्रकाश 20 ते 35 टक्क्यांनी घटतो, पाऊस 15 ते 30 टक्क्यांनी. 2022 साली दुसऱ्या एका अभ्यासाने त्यापुढच्या उपासमारीचा अंदाज मांडला. जगभरात मिळून 200 कोटींहून अधिक बळी.

विदर्भातल्या वाचकाला पावसाचा आकडा समजावून सांगायची गरज नाही. इथला कापूस आणि धान पावसावर उभा आहे. एक पाऊस उशिरा आला तरी यवतमाळमध्ये काय होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. बॉम्ब दिल्लीवर पडो की लाहोरवर, शेत आपलंही करपणार आहे. पण ही कल्पना कुठल्या वाहिनीने रात्री नऊ वाजता दाखवली?

नागपूरकरांना तर एवढंही लांब जायची गरज नाही. आपण दारूगोळ्याच्या शेजारी राहतो. अंबाझरीचा आयुध कारखाना शहराला लागून आहे. पुलगावला देशातलं सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक आहे. 31 मे 2016च्या पहाटे तिथे आग लागली आणि किमान 16 जण गेले. 17 डिसेंबर 2023ला बाजारगावच्या स्फोटक कारखान्यात स्फोट झाला. नऊ कामगार मेले, त्यात सहा बायका होत्या. 24 जानेवारी 2025ला भंडाऱ्याच्या आयुध कारखान्यात आठ जण गेले. यातल्या एकाही दिवशी युद्ध नव्हतं. शांततेच्या काळातच आपल्या गावाकडच्या लोकांनी ही किंमत मोजली आहे. पानठेल्यावर लाहोर घेताना यातलं कुणी कुणाला आठवत नाही.

आता त्या काल्पनिक युद्धातल्या 'शत्रू'बद्दल. 7 मे रोजी पाकिस्तानच्या तोफांच्या माऱ्यात पूंछमध्ये मदरशाचे एक शिक्षक मारले गेले. पाकिस्तानी गोळ्याने मेलेला भारतीय नागरिक. काही वाहिन्यांनी त्यांचा फोटो दाखवून सांगितलं, हा लष्करचा कमांडर, आपल्या हल्ल्यात ठार झाला. पूंछ पोलिसांना खुलासा करावा लागला. जूनमध्ये तिथल्या न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. दाढी आणि टोपी एवढ्या पुराव्यावर मेलेला माणूस सीमेपलीकडे ढकलला गेला. मग जिवंत माणसाला ढकलायला किती वेळ लागतो?

पहलगाममध्ये मारल्या गेलेल्या नौदल अधिकाऱ्याच्या पत्नीने, मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका, एवढंच म्हटलं. तिलाही सोडलं नाही. कर्नल सोफिया कुरेशी देशाच्या वतीने पत्रकारांसमोर बसल्या, तर मध्य प्रदेशच्या एका मंत्र्याने त्यांच्याबद्दल काय उद्गार काढले, तेही जगजाहीर आहे. उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. म्हणून मी दरवेळी परमवीर अब्दुल हमीद यांचं नाव पुरावा म्हणून पुढे करायचं सोडून दिलं आहे. ते देशासाठी लढले. माझं ओळखपत्र व्हावं म्हणून ते रणगाड्यांसमोर उभे राहिले नव्हते.

पण आता जरा आपल्या घरातही बघू. जून 2025मध्ये इराण-इस्रायल युद्ध सुरू झालं, तेव्हा आपल्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर काय चाललं होतं? तेल अवीव जळतंय, अशा व्हिडिओवर 'माशाअल्लाह'ची रांग. युद्धाचे व्हिडिओ म्हणून असे जे फिरतात, त्यात 'आर्मा 3' नावाच्या गेममधली दृश्यंही सर्रास असतात. आपण ती तपासली? सीमेपलीकडचे काही वाचाळ लोक 'गजवा-ए-हिंद'ची स्वप्नं विकतात, तेव्हा त्यांना 'गप्प बसा, आमच्या नावावर बोलू नका' असं आपल्यातले किती जण उघडपणे म्हणतात? बातमी आली की आधी शहानिशा करा, हा हुकूम सूरह हुजुरातमध्ये आहे. तो काय फक्त हिंदी वाहिन्यांसाठी आहे? पानठेल्यावरची टाळी आणि आपल्या ग्रुपवरचं माशाअल्लाह यांत मला फरक दिसत नाही. दोन्हीकडे मरणारा माणूस दुसऱ्याचा आहे, म्हणून मजा आहे.

10 मे रोजी सरकारने वाहिन्यांना सूचना दिली होती की, कार्यक्रमात हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा आवाज वापरू नका, नाहीतर खऱ्या भोंग्याकडे लोक लक्ष देणार नाहीत. भोंग्याच्या बाबतीत जे सरकारला कळलं, ते युद्धाच्या बाबतीत आपल्याला कळायला हवं. रोज खोटं युद्ध पाहणाऱ्या समाजाला खऱ्याची भीती वाटेनाशी होते.

म्हणून माझं मागणं साधं आहे. युद्धाची कल्पना करायचीच, तर अर्धी करू नका. लाहोर घेतलंत, ठीक. आता सांगा, आपले किती गेले? त्यांच्या घरी निरोप कोण घेऊन गेलं? त्या रात्री तुमचा मुलगा कुठे होता? मेयो आणि मेडिकलमध्ये खाटा किती आणि जळालेले किती? पुढच्या हंगामात पेरणी झाली का? आणि तुमच्या गल्लीतल्या मुसलमानाचं तुम्ही काय केलंत?

ठेलेवाल्याकडे मी आजही जातो, पान आजही खातो. त्या रात्री उत्तर न देता निघालो, ही माझी चूक झाली. पुढच्या वेळी थांबेन, आणि हे सगळे प्रश्न त्याला एकेक करून विचारेन.