बग्जचा रकाना कुठे गेला?

हिशेबाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीने या आठवड्यात ‘आम्ही आता एआय-रेडी’ असा गाजावाजा केला. नाव लिहीत नाही. अशा कंपन्या पुष्कळ आहेत. प्रत्येकीला आपल्याबद्दलच लिहिलंय असं वाटलं तर उत्तमच. एआय-रेडी म्हणजे काय, तर एआय एजंटने परस्पर बिलं चढवावीत म्हणून काही टूल्स खुली केली आहेत. त्यातलं एक उघडून पाहिलं. नाव ‘अपडेट रेकॉर्ड’. वर्णन एका ओळीचं: ‘तुमच्या नोंदी सहज आणि वेगाने अद्ययावत करणारं शक्तिशाली साधन.’ खाली एक रकाना ‘डेट’, प्रकार ‘स्ट्रिंग’, म्हणजे कसलाही मजकूर. संपलं.

एजंटला 5 मार्चचं बिल दिलं. त्याने 03/05 असं लिहिलं. सॉफ्टवेअरने ते मुकाट्याने 3 मे म्हणून घेतलं आणि ‘सक्सेस’ असं उत्तर दिलं. एजंटनेही काम फत्ते झाल्याचं कळवलं. दोघं खूश, आणि बिल पुढच्या आर्थिक वर्षात जाऊन बसलेलं.

चूक एजंटची, असं कंपनी म्हणेलच. पण त्या खुर्चीत माणूस असता तर त्याने शेजारच्या टेबलाकडे मान वळवून विचारलं असतं, ‘अरे, आधी दिवस की महिना?’ एजंटला शेजारचं टेबल नसतं. टूलचं नाव, वर्णन आणि रकान्यांची यादी, एवढ्यावर त्याला निभावून न्यायचं असतं. जे लिहिलेलं नाही ते तो बहुतेकदा विचारत बसत नाही, गृहीत धरतो. तेही मोठ्या आत्मविश्वासाने.

आता याच्या शेजारी एक जुनं बाड ठेवून बघा. युनिक्सचं पहिलं मॅन्युअल, तारीख 3 नोव्हेंबर 1971. बेल लॅब्जमधल्या केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी केलेलं. प्रत्येक कमांडची वेगळी नोंद, मथळे ठरलेले: नाव, कमांड कशी लिहायची, ती काय करते, कोणत्या फाइलींना हात लावते, आणखी कुठे पाहायचं. आणि मग ‘बग्ज’. कमांड कुठे फसते, हे ती लिहिणाऱ्यानेच छापून सांगायचं. त्याच्याही खाली ‘ओनर’, म्हणजे मालक: ‘केन’ किंवा ‘डीएमआर’. भांडायला कुणाच्या टेबलाशी जायचं, तेही कागदावर.

ही माणसं संत होती म्हणून असं लिहीत नव्हती. अमेरिकी सरकारशी झालेल्या 1956 च्या तडजोडीने, बेल लॅब्ज जिची होती त्या एटी अँड टीला टेलिफोनबाहेरच्या धंद्यात उतरायची मुभाच नव्हती. विकायचं नसलं की खरं बोलणं सोपं जातं. ‘वेगवान’, ‘शक्तिशाली’ हे शब्द त्या नोंदींना लागलेच नाहीत. वाचणाऱ्याला कमांड वापरायची आहे, तिच्या प्रेमात पडायचं नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

ती रीत अजून पुरती मेलेली नाही. लिनक्सवरच्या ‘फाइंड’चं मॅन पेज वाचा. ‘डिलीट’ हा पर्याय सगळ्यात आधी लिहिलात, तर दिलेल्या जागेखालचं सगळंच पुसायला घेईन, असा इशारा तिथे स्पष्ट दिलाय. एजंटला हेच वाक्य हवं असतं. टूल काय करतं हे नावावरूनही कळतं. कुठे घात होतो हे मात्र कुणीतरी लिहावंच लागतं.

आजच्या साच्यात याला जागा किती? एजंट आणि टूल्स जोडणारा एमसीपी हा संकेत नोव्हेंबर 2024 मध्ये आला. त्यात टूलला नाव असतं, वर्णन असतं, इनपुटचा नमुना असतो. हे टूल काही नष्ट करू शकतं का, हे सांगणारी खूण 2025 मध्ये आली, तीही ऐच्छिक. ‘बग्ज’ला स्वतंत्र घर नाहीच. जे सांगायचं ते वर्णनात, आणि वर्णन कुणाच्या हातात? एक तर मार्केटिंगच्या, नाहीतर नोटीस पिरियडवर असलेल्या पोराच्या. हिंजवडीत डॉक्युमेंटेशन ही निरोपाची भेट समजतात, हा माझा लाडका आरोप वाचकांना पाठ आहे. या आठवड्यानंतर तो मागे घ्यायचं कारण दिसत नाही.

मजा अशी की घात प्रामाणिकपणे लिहायला बसलं की पुष्कळदा टूलच सुधारतं. कोड दुरुस्त करणाऱ्या आपल्या एजंटसाठी मुख्य सूचनेपेक्षा टूल्सवर जास्त वेळ गेला, असं अँथ्रॉपिक या एआय कंपनीने डिसेंबर 2024 मध्ये लिहिलं होतं. एजंट मूळ फोल्डरमधून बाहेर पडला की अर्धवट पाथ देऊन चुकायचा. त्यांनी टूलला पूर्ण पाथच सक्तीचा केला आणि चूक थांबली. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटचं ‘चेकआउट’ आठवा: एकच कमांड ब्रँचही बदलणार आणि फाइलीतले बदलही पुसणार. 2019 मध्ये ‘स्विच’ आणि ‘रिस्टोर’ अशा दोन कमांड्स आल्या, तेव्हा कुठे ही दोन कामं वेगळी झाली.

म्हणून आता पानंच्या पानं खरडू नका. टूल्सची वर्णनं एजंटला कामासोबत वाचावी लागतात. फापटपसारा त्यालाही बाधतो. लिहायचं ते एवढंच: तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, उदाहरणार्थ 2025-03-05. हे टूल कधी वापरू नये. कोणता बदल परत फिरवता येत नाही. तारीख चुकीची आली तर ‘सक्सेस’ नको, काय चुकलं आणि काय हवं हे सांगणारा एरर मेसेज द्या. तो वाचून एजंट पुढच्या खेपेला बहुधा स्वतःच सुधारतो. हे सगळं आठ-दहा ओळींत बसतं.

आणि त्या ओळींखाली कुणाचं तरी नाव लिहा. सही करायला कंपनीतलं कुणीच तयार नसेल, तर ते टूल गिऱ्हाइकाच्या हिशेबावर सोडायचा उद्योग करू नका.